ड्रिल-टॉर्पेडो दगडात शिरल्यावर सरळ कसा ठेवायचा

स्पेस इंजिनिअर्स या ब्लॉक जोडून यानं बांधायच्या गेममध्ये पुढे ड्रिल लावलेला, जहाजातून सोडलेला टॉर्पेडो मोकळ्या अवकाशात सरळ जातो आणि अ‍ॅस्टेरॉइडला टेकला की तोंड फिरवतो. बहुतेक जण मग जायरो, म्हणजे यान वळवणारे आणि स्थिर ठेवणारे ब्लॉक, वाढवत बसतात. त्याने मूळ दुखणं जात नाही. ओव्हरराइड (ब्लॉकला आपण ठरवलेला आकडा पाळायला लावणं) चालू करून यॉ, पिच, रोल ही तिन्ही वळणं शून्यावर ठेवली की जायरो फिरणं थांबवतो, पण आधी तोंड कुठे होतं हे त्याला ठाऊक नसतं. धक्क्यागणिक सुटलेली दिशा परत येत नाही, चूक साठत जाते. म्हणून धक्काच लागू नये अशी बांधणी करायची.

थ्रस्टर (ढकलणारं इंजिन) मध्यावर नाही म्हणून टॉर्पेडो वळतो, हा समजही सोडा. या गेममध्ये थ्रस्टरचा जोर ग्रिडच्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या ब्लॉकच्या सांगाड्याच्या, वस्तुमानकेंद्रावरच लागतो. रोटर आणि पिस्टन मात्र टाळा. त्यांच्यावरचा भाग वेगळा ग्रिड होतो आणि तिथला जोर खरोखरच वळवतो.

स्मॉल ग्रिडवर (लहान आकाराच्या ब्लॉकनी) बांधा: ड्रिल, दोन जायरो, बॅटरी, रिमोट कंट्रोल, दोन टायमर आणि टॉर्पेडो जहाजाला जोडून ठेवणारा मर्ज ब्लॉक. समोरून पाहिल्यावर ड्रिलच्या चौकटीबाहेर एकही ब्लॉक दिसता कामा नये, बाजूचे थ्रस्टरसुद्धा. शिवाजीनगर-स्वारगेट मेट्रोचा बोगदा खोदणाऱ्या मशीनसारखंच हे आहे: कटरहेड मागच्या शील्डपेक्षा किंचित मोठं, म्हणून अंग भिंतीत अडकत नाही.

स्मॉल आयन थ्रस्टर मागे एक, चार बाजूंना चार. पुढे एकही लावू नका. मग डॅम्पनर (यानाचा वेग आपोआप मारणारी सोय) चालू असले तरी ते फक्त आडवं सरकणं मारतात. पुढचा वेग मारायला त्यांच्याकडे थ्रस्टरच नसतो.

आता वेग. ड्रिलला दगड कापायला वेळ लागतो. त्याआधी नाक आदळलं तर ड्रिल तुटतं. सेकंदाला 2 मीटरच्या वर जाऊ नका. स्मॉल आयनचा जोर 14.4 किलोन्यूटन. टॉर्पेडो 6 टनांचा असेल तर पूर्ण जोराने एका सेकंदातच मर्यादा ओलांडते. थ्रस्टरचा ओव्हरराइड 10 टक्के ठेवलात तर वेग दर सेकंदाला 0.24 ने वाढतो, म्हणजे 8 सेकंदांत सेकंदाला साधारण 1.9 मीटर. वजन टॉर्पेडो सुटा असतानाच बघा, जोडलेला असेल तर जहाजासकट आकडा दिसतो.

टायमरच्या टूलबारमधून (त्याने करायच्या कामांच्या यादीतून) ओव्हरराइडचा नेमका आकडा देता येत नाही. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या सेटिंगच्या पडद्यावर, आधीच लावा आणि मागचा थ्रस्टर बंद ठेवा. जायरोचंही तसंच, ओव्हरराइड लावलेला जायरो चालू राहिला तर मूळ जहाजच वळेनासं होतं. पहिला टायमर मर्ज ब्लॉक बंद करतो, डॅम्पनर, जायरो आणि मागचा थ्रस्टर चालू करतो आणि 8 सेकंदांचा दुसरा टायमर सुरू करतो. दुसरा टायमर मागचा थ्रस्टर बंद करून ड्रिल चालू करतो. मर्ज ब्लॉक बाजूला घ्या, मागे नको. थ्रस्टरची ज्वाला जहाज जाळते. सोडताना जहाज स्थिर हवं, आणि दगड निदान 25 मीटर लांब, म्हणजे टेकण्याआधी ड्रिल फिरत असेल.

हे सगळं गुरुत्वाकर्षण नसलेल्या जागेसाठी. ग्रहावर खाली सोडलात तर ब्रेकशिवाय वेग वाढतच जाईल.

बोगदा लांब असेल तर रिमोट कंट्रोलचा ऑटोपायलट वापरा: दगडापलीकडचा जीपीएस बिंदू, वेगमर्यादा 2, कोलिजन अव्हॉइडन्स (समोरचा अडथळा टाळणं) बंद. तो सुटलेली दिशा परत आणतो. त्यासाठी जायरोचा ओव्हरराइड काढा आणि पुढे ब्रेकचा थ्रस्टर लावा, तोही ड्रिलच्या चौकटीआड.