महायुद्धात गेलेल्या घरच्या शिपायाचा माग कसा काढावा

माझी नोकरी आष्टी तालुक्यात तलाठी म्हणून गेली, त्यामुळं जुन्या बाडांची धूळ नवी नाही. आमचे चुलत आजोबा 1943 मध्ये इटलीत पडले, पुरते वीस वर्षांचेही नव्हते. त्यांचा माग लागल्यापासून आसपासच्या गावांतले लोक विचारतात, "आमच्या पणजोबांची कबर कुठंय, बघता का?"

कबर शोधू नका, हे पहिलं. मुसलमान आणि ख्रिस्ती शिपायांना दफन करत. हिंदू आणि शीख शिपायांना तिकडंच अग्नी दिला जाई. म्हणून आपल्या माणसाचं नाव बहुधा दहनस्मारकावर असतं. कोहिमाला अशी 917 नावं आहेत. इटलीत सांग्रो नदीजवळच्या स्मारकावर पाचशेच्या वर आहेत, त्यात आमचे आजोबा. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही, त्यांची नावं वेगळ्या स्मारकांवर. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे बावीस वर्षांचे होते. त्यांचं नाव इटलीतल्या कसिनोच्या अशाच स्मारकावर आहे.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. पदक सापडलं तर चित्राकडं नंतर बघा, आधी त्याची कड भिंगाखाली धरा. तिथं नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. नंबर मिळाला की निम्मं काम झालं. पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरची पावती, तार, काहीही फेकू नका. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा; पुरुष शौर्याच्या गोष्टी सांगतात, बायकांना पैसे कोणत्या महिन्यात बंद झाले ते आठवतं. कुणीही सांगितलेल्या हुद्द्यावर मात्र विश्वास ठेवू नका. प्रत्येक घरातला गेलेला शिपाई सुभेदारच असतो!

मग जमिनीचे कागद. हा रस्ता फारसं कुणी धरत नाही, पण मला सगळ्यात जास्त त्यानंच दिलं. माणूस मेला की त्याच्या हिश्श्याला वारस लागतात, म्हणजे विरासतीची नोंद होते. आपल्याकडं मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य, त्यामुळं ही नोंद बहुधा उर्दूत सापडेल. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घ्या आणि उर्दू जाणणाऱ्या एखाद्या जुन्या मास्तरांकडून वाचून घ्या. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कारभारातलं असेल, त्यात 590 मिळवा. जे इसवी साल येईल त्याच्या ऑक्टोबरात ते फसली साल सुरू होतं. आमच्या नोंदीवर 1354 आहे, म्हणजे 1944 चा ऑक्टोबर ते पुढचं वर्ष. आजोबा गेले 1943 च्या नोव्हेंबरात. कागदावरची तारीख नोंदीची असते, मरणाची नव्हे.

देह हाती आला नाही म्हणून काही घरांनी दर्भाचा पुतळा करून पालाशविधी केला. तो पैठणला किंवा नाशिकला झाला असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळाचं नाव काढून बघा.

आता कॉम्प्युटर. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतले मृत शोधता येतात. दुसऱ्या युद्धासाठी 31 डिसेंबर 1947 पर्यंतचे मृत्यू धरलेले आहेत. आपल्या शिपायांचं अख्खं नावच पुष्कळदा आडनावाच्या रकान्यात भरलेलं असतं, म्हणून तिथं पहिलं नाव टाकून बघा. जाधवाचं स्पेलिंग चार तऱ्हांनी करून पाहा. पत्त्यात मराठवाडा नाही, हैदराबाद मिळेल, आणि बीडचं 'भीर' झालेलं असेल. बापाचं नाव जुळलं तरच आपला माणूस म्हणा, नुसत्या नावावर नाचू नका.

पहिल्या महायुद्धाचं जास्त अवघड. मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेलेल्यांसाठी बसऱ्याचं स्मारक आहे, पण त्याच्या भिंतींवर हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा नुसता आकडा. ही विषमता कमिशननं 2021 मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केली. तिथल्याच कुत गावाच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. घरात 'कूत' किंवा 'बगदाद' असा शब्द टिकला असेल तर तिथून धरा.

पलटण कळली की तिच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबरासह पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. सर्व्हिस बुक नष्ट झालं असलं तरी लाँग रोलमध्ये, म्हणजे पलटणीच्या शिपायांच्या नोंदवहीत, एखादी ओळ राहिलेली असू शकते, तिची मागणी स्पष्ट लिहा. पत्राचा नमुना जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत गेलेला असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या यादीत बघा.

कमिशनच्या नोंदीत गाव किंवा बापाचं नाव चुकलेलं दिसलं, तर दुरुस्ती मागता येते. विरासतीची साक्षांकित नक्कल, तिचं इंग्रजी भाषांतर आणि पदकाच्या कडेचा स्वच्छ फोटो सोबत जोडा. मूळ कागद मात्र कुणाच्याही हाती देऊ नका.