घरच्या शेतीत या चुका टाळा: वैरण, शेणखत, रताळी आणि परसातल्या कोंबड्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वाटण्या होऊन एका घराच्या वाट्याला एकर-दीड एकर रान उरलं आहे. बैलजोडी गेली, पॉवर टिलर आला. गोठ्यात एक म्हैस आणि एक रेडकू, परड्यात दहा-पंधरा कोंबड्या. माणसं आणि जनावरं कमी झाली, तरी कामाचा हिशेब मोठ्या एकत्र कुटुंबाच्या काळातलाच धरला जातो. खाली दिलेल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

म्हैस आधी, वैरण मागाहून

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. दिवाळीला हिरवं भरपूर दिसतं, म्हैस दावणीला येते आणि फेब्रुवारीपासून वैरण विकत घ्यावी लागते. दुधाचा पैसा मग पुन्हा वैरणीतच जातो.

मोठ्या म्हशीला दिवसाला साधारण २५ किलो हिरवी वैरण, ५ ते ६ किलो सुकी आणि ६० ते ८० लिटर पाणी लागतं. पेंड-भुसा अंग राखायला दीड-दोन किलो आणि वर दर दोन लिटर दुधामागे एक किलो. संकरित नेपियर हे वैरणीचं गवत बारमाही पाण्यावर चांगलं जमलं, तर एका गुंठ्यातून दिवसाला पाच-सहा किलो वैरण निघते, म्हणजे एका म्हशीला चार ते पाच गुंठे. लावण ३ बाय २ फुटांवर करावी. पहिली कापणी ७० ते ७५ दिवसांनी, पुढच्या ४५ ते ५० दिवसांनी. कापणी लांबली की कांडं निबर होतं आणि म्हैस पाला ओरबाडून बाकीचं गव्हाणीत टाकते. वैरण वाया जातेय म्हणून जनावराला नावं ठेवण्याआधी कापणीचे दिवस मोजा. गवत जमिनीपासून चार बोटांवर छाटा; फार उंच सोडलं तर फुटवे वरच्या डोळ्यांतून येतात आणि बुंधा कमकुवत होतो.

नुसत्या नेपियरवर म्हैस ठेवणं हीही चूकच. त्यातल्या ऑक्झलेटमुळे शरीराला कॅल्शियम पुरेसं मिळत नाही. बांधावर शेवरी लावा, मध्ये चवळी टाका आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण पेंडेत मिसळा. म्हैस माती चाटते, भिंत चाटते, माजावर येत नाही, अशा तक्रारींत पहिल्यांदा हे तपासावं. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, ती ओरडत नाही. पहाटे आणि रात्री उशिरा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, बघावा; माज दर २१ दिवसांनी येतो, तो हिशेब भिंतीवर मांडावा. संध्याकाळी माज दिसला तर रेतन दुसऱ्या दिवशी सकाळी.

ज्वारीची किराळ

चिकोडी, अथणीकडे ज्वारी वैरणीला असते. पावसाने ताण दिला की पीक गुडघाभर होऊन थांबतं आणि 'वाळून जाण्यापेक्षा म्हशीला घालू' असं म्हणत कोवळा पाला कापला जातो. नेमक्या याच अवस्थेत त्यात हायड्रोसायनिक आम्ल या विषाचं प्रमाण जास्त असतं; त्याची बाधा म्हणजेच किराळ. कापणीनंतर बुडख्यातून येणारे कोवळे फुटवेही तितकेच धोक्याचे, आणि चरायला सोडलेलं जनावर आधी तेच खातं. पोटात गेल्यावर थोड्याच वेळात जनावर धापा टाकू लागतं, अंग थरथरतं, तोल जातो आणि ते आडवं होतं. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पशुवैद्यकाला फोनवरच 'किराळ लागली आहे' असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते शिरेतून द्यायचा उतारा, सोडियम थायोसल्फेट, सोबत घेऊन येतील. हिरवी ज्वारी निम्म्या पिकाला फुलोरा आल्यावरच घालावी. नीट वाळवलेल्या कडब्यात हे विष बरंचसं उडून गेलेलं असतं.

पिंजर आणि युरिया

खानापूर-बेळगावकडे सुकी वैरण म्हणजे भाताचं पिंजर. यात पोषण कमी, म्हणून युरिया प्रक्रिया करतात आणि इथेच घोटाळा होतो. प्रमाण असं: १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर देत, प्रत्येक थर पायाने दाबत शिंपडायचा. वर प्लास्टिक घट्ट बांधून २१ दिवस हवा लागू द्यायची नाही. लगदा होऊन काळं पडलं तर पाणी जास्त झालं. पांढरी बुरशी आली तर हवा शिरली. तो भाग काढून टाका. खायला घालण्याआधी तासभर पसरून वास उडू द्या, पहिले आठ दिवस साध्या पिंजरात थोडं थोडं मिसळा आणि सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला अजिबात देऊ नका. युरिया पाण्यात कालवून त्याच दिवशी वैरणीवर मारला, तर जनावराला विषबाधा होते.

गोबर गॅस जळत नाही

बहुतेक वेळा दोष शेगडीचा नसतो. पाच जनावरं असताना २ घनमीटरचा प्लांट बांधलेला असतो आणि त्याला रोज ५० किलो शेण लागतं. एक म्हैस १५ ते २० किलोच देते. आता नवा बांधायचा असेल तर १ घनमीटरचाच बांधावा, रोज २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी. जुना मोठा असेल तर शेजारच्या गोठ्याचं शेण जोडून घ्या. ज्योत फडफडत असेल तर पाइपात पाणी साचलंय, खालच्या बिंदूवरची तोटी उघडून काढा. नव्या प्लांटचा पहिला गॅस जळत नाही, तो सोडून द्यावा. गोठा फिनेलने धुतलेलं पाणी आत जाऊ दिलं की गॅस तयार करणारे जिवाणू मरतात.

कच्चं शेणखत आणि हुमणी

मे महिन्यात उकिरडा उपसायचा आणि अर्धवट कुजलेलं खत तसंच रानात विस्कटायचं, ही सवय अजून मोडलेली नाही. हुमणीच्या भुंगेऱ्यांना अंडी घालायला यापेक्षा चांगली जागा नाही. पुढे भुईमूग, ऊस किंवा रताळ्याच्या वेलाचा एखादा पट्टा सुकतो आणि पाणी कमी पडलं असं वाटून पाणी दिलं जातं. सुकलेलं रोप धरून उपटा. ते अलगद हातात आलं, मुळं कुरतडलेली दिसली आणि वीतभर खाली तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी अळी सापडली, तर ती हुमणी.

हुमणी आवरण्याचा खरा मोसम याच्या आधीच निघून गेलेला असतो. वळवाचा पहिला दमदार पाऊस पडला की त्याच संध्याकाळपासून भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. पंधरा दिवस आणि आळीतल्या सगळ्यांनी मिळून केलं तरच उपयोग. एकट्याने केलं तर शेजारच्या झाडावरचे भुंगेरे तुमच्याच रानात उतरतात.

खत खड्ड्यात, सावलीत, तीन फूट खोल, ओल ठेवून आणि महिन्याने एकदा पालटून तीन-चार महिन्यांत तयार होतं. मूठभर हातात घ्या: ऊब लागत नाही, शेणाचा वास येत नाही, चुरा होतो, मग ते रानात न्यावं.

रताळी: वेल दणकट, खाली काही नाही

बेळगाव तालुक्याच्या तांबड्या मातीत रताळी चांगली येतात, पण हिरव्यागार वेलाच्या खाली बोटाएवढी मुळं निघाली की शेतकरी बियाण्याला दोष देतो. कारण सहसा युरिया असतो. नत्र जास्त झालं की सगळी ताकद वेलाला जाते. दुसरं कारण म्हणजे वेल न परतणं. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्याला मुळं फुटतात आणि अन्न त्यात वाटलं जातं. महिन्या-दीड महिन्याने वेल उचलून उलटवावेत. बेणं शेंड्याकडचं घ्या, वीतभर, तीन-चार डोळ्यांचं. बुडख्याकडच्या जुन्या वेलात सोंड्या भुंग्याची अंडी असतात.

हाच सोंड्या वरंब्याला पडलेल्या भेगांतून रताळ्यापर्यंत पोचतो. लावणीनंतर ३० आणि ६० दिवसांनी मातीची भर द्या. काढणी ११० ते १२० दिवसांत उरका आणि रानात तुकडे सोडू नका. पोखरलेली, काळी पडलेली रताळी 'वाया कशाला' म्हणून म्हशीला घालण्याची चूक मात्र कधीच करू नका. त्यात तयार होणाऱ्या विषाने जनावराच्या फुप्फुसाला इजा होते आणि श्वास लागतो. निरोगी वेल मात्र थोडे सुकवून दिलेत तर उत्तम वैरण.

कोंबड्या

गिरिराजसारख्या सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून अंडी उबवायला एखादी गावठी कोंबडी ठेवा. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पळत असतील तर उष्णता जास्त आहे. थर्मामीटर नसला तरी एवढं पाहून दिवा वर-खाली करता येतो.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस देऊनही कोंबड्या मेल्या, अशी तक्रार नेहमी येते. लस दुकानातून गाडीच्या डिक्कीत उन्हातून आणली, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात कालवली, दिवसभर भांड्यात राहिली, तर ती उपयोगाची राहत नाही. बर्फात आणा, विहिरीचं पाणी वापरा. आधी दोन तास पाणी बंद ठेवा, म्हणजे सगळ्या कोंबड्या लसीचं पाणी दोन तासांच्या आत पिऊन संपवतील. पहिला डोस पिल्लू आठवड्याचं असताना लासोटा या राणीखेतच्या लसीचा, एक-दोन थेंब डोळ्यात किंवा नाकात. आठव्या आठवड्याला त्याच रोगाची आर-टू-बी लस, पंखाखाली टोचून. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला लस टोचू नका, आधी त्याला वेगळा काढा.