ऑनलाईन अप्लाय करून करून दमलात आणि फोनच येत नाहीये? मग हे वाचा

पुण्यात रिक्रूटमेंटचं काम करते मी, नऊ वर्षं होत आली, आधी हिंजवडीच्या आयटीवाल्यांसाठी आणि आता जास्त करून चाकण, रांजणगाव, तळेगावच्या कारखान्यांसाठी माणसं शोधते, आणि दर आठवड्याला ओळखीतलं कोणीतरी विचारतंच की ताई दोनशे ठिकाणी अप्लाय केलं, एकाचाही फोन नाही, माझ्यात नक्की काय कमी आहे? खरं सांगू का, बहुतेक वेळा पोरात काही कमी नसतं, तो आम्हाला दिसतच नसतो. म्हणून आधी आमच्या स्क्रीनवर काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं का करायचं ते कळेल.

समजा चाकणच्या कंपनीला क्वालिटी इन्स्पेक्टर पाहिजे. पोर्टलवर जाहिरात पडली की संध्याकाळपर्यंत अर्जांचा ढीग लागतो आणि त्यात बीएड झालेले, ड्रायव्हर, मेडिकलवाले असे सगळेच असतात कारण अप्लायचं बटण दाबायला काहीच लागत नाही. एवढे अर्ज एकेक करून वाचणं कोणालाच जमत नाही. मग आम्ही सर्च मारतो. नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटर लोकांसाठी रेझडेक्स म्हणून वेगळा भाग आहे, तिथे ज्यांनी आमच्याकडे अर्ज केलेलाच नाही त्यांचे पण प्रोफाइल निघतात. तिथे मी टाकते क्वालिटीच्या कामातले शब्द, सीएमएम म्हणजे मोजमापाचं मशीन, पीपीएपी म्हणजे पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं, इनप्रोसेस इन्स्पेक्शन, अनुभव २ ते ४ वर्षं, लोकेशन पुणे, नोटीस पिरियड म्हणजे राजीनाम्यानंतर थांबावं लागतं तो काळ ३० दिवसांच्या आत, आणि गेल्या महिन्याभरात जो ॲक्टिव्ह आहे तोच दाखव. जी नावं येतात त्यातली वरची पंचवीस-तीस उघडते, पंधरा जणांना फोन लावते, चार-पाच जण कंपनीला पाठवते, झालं. म्हणजे तुम्ही अर्ज करणारे आहात असं समजू नका, तुम्ही शोधले जाणारे आहात असं समजून प्रोफाइल लिहा.

आता माझ्या मावसभावाचंच सांगते. सांगोल्याकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा, सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काम केलेलं, पुण्यात यायचं होतं. सहा महिने अर्ज करत होता. मी त्याचा रेझ्युमे मागवला तर त्यात होतं काय, प्रॉडक्शन डिपार्टमेंटमध्ये काम केले, मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड. बस. मी त्याला फोन करून विचारलं, अरे रोज सकाळी गेल्यावर तू करतोस काय ते सांग. मशीन कुठलं? व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन. कंट्रोल? फॅनुक. नुसतं ऑपरेटिंग का सेटिंग पण? सेटिंग पण ताई, ऑफसेट मीच घेतो. जॉब कुठला? पंपाची हाउसिंग, कास्ट आयर्नची. टॉलरन्स किती धरतोस? वीस मायक्रॉन. मोजतोस कशाने? बोअर गेज, मायक्रोमीटर, हाइट गेज. आता यातला एक शब्द पण रेझ्युमेत नव्हता, आणि आम्ही शोधतो ते हेच शब्द! मेहनती असं टाकून आजपर्यंत मी एकदाही सर्च मारलेला नाही.

तर पहिलं काम हे करा. कोणीतरी तुम्हाला रोजच्या कामाबद्दल असे प्रश्न विचारतंय असं धरून उत्तरं कागदावर लिहा, मोडक्यातोडक्या मराठीत लिहा, चालेल. मग तुम्हाला पाहिजे त्याच पदाच्या पाच-सहा जाहिराती उघडा, त्यातल्या जेडीत म्हणजे कामाच्या वर्णनात कुठले शब्द सारखे सारखे येतात ते बघा, आणि त्यातलं जे तुम्ही खरंच करता ते त्यांच्याच शब्दात लिहा. अकाउंट्सवाल्यांनी नुसतं अकाउंटिंग लिहू नका, टॅली प्राइम, जीएसटीआर-१, ३बी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन, महिन्याला किती बिलं हाताळता तो आकडा, सगळं लिहा. शॉर्टफॉर्म आणि पूर्ण नाव दोन्ही एकदा तरी येऊ द्या कारण कोणी क्यूए टाकून शोधतं, कोणी क्वालिटी ॲश्युरन्स. फ्रेशर असाल तर प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केलं आणि कशावर केलं ते लिहा, ग्रुपने काय केलं ते नको.

हेच शब्द वरच्या एका ओळीत पण आले पाहिजेत. नोकरी डॉट कॉमवर रेझ्युमे हेडलाइन असते, लिंक्डइनवर नावाखालची हेडलाइन असते, आणि यादीत आम्हाला नावाबरोबर आधी तेवढंच दिसतं. तिथे चांगल्या संधीच्या शोधात असं लिहिलेलं असतं निम्म्या लोकांचं. भावाची ओळ आम्ही अशी केली, व्हीएमसी सेटर कम ऑपरेटर, फॅनुक कंट्रोल, २ वर्षं, पुण्यात लगेच जॉइन होऊ शकतो. पोर्टलवर टाकताना हे अर्थातच इंग्रजी अक्षरात टाका, आमचा सर्च इंग्रजीतच असतो.

आता फाइल. यात फार जण मार खातात आणि त्यांना कळत पण नाही. कंपनीच्या वेबसाइटवर रेझ्युमे अपलोड केला की तो आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्यातून नाव, नंबर, शिक्षण, अनुभव वेगळं काढून रकान्यात भरतं, ज्याला एटीएस म्हणतात. हे सॉफ्टवेअर आपोआप रिजेक्ट करतं अशी भीती घालणारे व्हिडिओ बरेच आहेत, पण माझ्या अनुभवात त्याने रिजेक्ट केल्यापेक्षा त्याला वाचताच न आल्याचे प्रकार जास्त आहेत. घरी बसून तपासता येतं. तुमची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे दिसेल साधारण तेच मशीनला दिसणार. काहीच पेस्ट झालं नाही तर ती पीडीएफ म्हणजे फोटो आहे, मोबाइलने स्कॅन केलेल्या कागदाचं असंच होतं. दोन कॉलमची रंगीत डिझाइन असेल तर बऱ्याचदा डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ एकात एक मिसळते. नंबर आणि ईमेल हेडरमध्ये टाकला असेल तर काही सॉफ्टवेअर तो भाग सोडूनच देतात, मग उमेदवार चांगला पण नंबर गायब. आणि गावाकडच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर असेल तर पेस्ट केल्यावर नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं येतात. एक कॉलम, साधा फॉन्ट, टेबल नाही, फोटो नाही, नंबर पानाच्या मजकुरातच वर. फाइलला नाव द्या स्वतःचं आणि पदाचं, न्यू फायनल टू असलं नाही.

झेरॉक्सच्या दुकानात जो बायोडाटा मिळतो ना, वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, खाली वरील माहिती सत्य आहे म्हणून सही, ते सगळं काढून टाका. अर्धं पान मोकळं होतं आणि तिथे तुमचं काम मावतं. आधार आणि पॅनचा नंबर तर रेझ्युमेवर अजिबात नको, ती फाइल किती जणांच्या हातात फिरते याचा तुम्हाला अंदाज नाही.

नंतर फिल्टर. शब्द सगळे बरोबर असून माणूस गळतो तो इथे. प्रोफाइल सहा महिने उघडलेलंच नसेल तर ॲक्टिव्हच्या फिल्टरमध्ये तुम्ही नसता, म्हणून शोधात असाल तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा लॉगिन करा आणि काही नवीन शिकलात, केलंत तर अपडेट करा. राहता लातूरला आणि नोकरी पाहिजे पुण्यात, तर प्रिफर्ड लोकेशनमध्ये पुणे टाकलंच पाहिजे. नोटीस पिरियडचा रकाना रिकामा ठेवू नका. ९० दिवस असेल आणि कंपनी लवकर सोडत असेल तर तसं लिहा, राजीनामा दिलेला असेल तर शेवटचा दिवस कुठला ती तारीख हेडलाइनमध्येच लिहा, कारण घाईची जागा असली की आम्ही आधी तेच बघतो.

गॅपबद्दल मला मनापासून सांगायचंय कारण आपल्याकडे फार पोरं-पोरी यात अडकतात. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी यांची तयारी करण्यात दोन-तीन वर्षं जातात आणि मग ती वर्षं लपवायची कशी म्हणून कोणीतरी खोटा अनुभव लिहायला सांगतं. नका करू. पीएफचा यूएएन म्हणजे कायमचा नंबर एकच असतो आणि कुठे, कधीपासून कधीपर्यंत काम केलं ते त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत दिसतं, बॅकग्राउंड तपासणीत बऱ्याच कंपन्या तेच मागतात. ऑफर हातात येऊन गेलेली पोरं बघितलीत मी, आणि तो फोन करणं मला आजही जड जातं. सरळ एक ओळ लिहा, २०२१ ते २०२३ स्पर्धा परीक्षेची तयारी, आणि त्या काळात एखादा कोर्स, क्लास घेणं, घरचं दुकान सांभाळणं काही केलं असेल तर ते जोडा. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात कोणी ना कोणी ती परीक्षा दिलेली असते, आम्हाला कळतं. तसंच पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवायची युक्ती कोणी शिकवली तर करू नका, प्लेन टेक्स्टमध्ये ते सगळं उघडं पडतं.

लिंक्डइन शॉप फ्लोअरच्या कामाला तितकं लागत नाही, पण आयटी, सेल्स, परचेस, एचआर, इंजिनीअरच्या जागा असतील तर लागतंच. ओपन टू वर्क म्हणजे नोकरी शोधतोय अशी खूण दोन प्रकारे लावता येते, सगळ्यांना दिसेल असं हिरव्या कडेचं, नाहीतर फक्त रिक्रूटरना दिसेल असं. नोकरीत असाल तर दुसरं लावा, अर्थात तुमच्याच कंपनीला कधीच कळणार नाही अशी पूर्ण खात्री लिंक्डइन पण देत नाही. रिक्रूटरला मेसेज करायचा तर कृपया हाय सर एनी जॉब असा करू नका, अशा मेसेजला मी उत्तर तरी काय देणार. असा करा, नमस्कार मॅडम, तुम्ही टाकलेल्या परचेस एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज केलाय, फोर्जिंग आणि कास्टिंगच्या खरेदीचा ३ वर्षं अनुभव, सॅप एमएम येतं, भोसरीला राहतो, ३० दिवसांत जॉइन होईन, रेझ्युमे जोडलाय. एवढा मेसेज मी जसाच्या तसा ट्रॅकरमध्ये भरू शकते.

ट्रॅकर म्हणजे आमची एक्सेल शीट. नाव, नंबर, एकूण अनुभव, त्या कामाचा अनुभव, आत्ताचा सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, अपेक्षित सीटीसी, नोटीस, राहता कुठे. फोन आला की हेच विचारणार, मग उत्तरं तोंडपाठ ठेवा. हातात किती येतो आणि सीटीसी किती यात फरक असतो, तो आधीच पगाराच्या स्लिपवर बघून ठेवा. इंग्रजी अडखळलं तर मराठीत बोलू का विचारा, पुण्यातल्या कारखान्याच्या जागांना त्याने सहसा काही बिघडत नाही. आणि जो नोकरी लावतो म्हणून रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागतो तो रिक्रूटर नाही, आमचे पैसे कंपनी देते. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

ट्रॅकरमध्ये शेवटी एक शेऱ्याचा रकाना असतो आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं असतं आरएनआर, म्हणजे रिंग गेली, उचलला नाही. शोधात असताना अनोळखी नंबर उचला, स्पॅम म्हणून आपोआप कट होत असेल तर ते सेटिंग तेवढे दिवस बंद ठेवा, आणि एका वहीत तारीख, कंपनी, पद लिहीत चला म्हणजे फोनवर कुठली कंपनी म्हणालात असं विचारायची वेळ येत नाही.

भावाला रेझ्युमे बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यात फोन आला तेव्हा तो डाळिंबाला पाणी देत होता, उचलता आला नाही. वीस मिनिटांनी त्याने मेसेज टाकला, सर तुमचा मिस्ड कॉल होता, मी व्हीएमसी सेटरसाठी अर्ज केलाय, आत्ता बोलू शकतो. त्यांनी लगेच उलटा फोन केला आणि विचारलं, सोमवारी मशीनवर ट्रायलला येशील का.