मीनचा कॉन्फिडन्स इंटरव्हल: काढायचा कसा आणि वाचायचा कसा

कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे थोड्या नमुन्यावरून (सॅम्पल) काढलेला, खरी सरासरी (मीन) कुठून कुठपर्यंत असेल याचा अंदाज, बहुतेक वेळा ९५ टक्क्यांचा. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या वर्षाला बऱ्याच जणांचा फॉर्म्युला पाठ असतो, उत्तरही बरोबर येतं, पण त्या ९५ टक्क्यांचा अर्थ विचारला की गाडी अडते. म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ.

समजा अर्ध्या लिटरच्या दुधाच्या १६ पिशव्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या आणि दूध मोजलं. सरासरी आली ४९६ मिली, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे पिशव्या सरासरीपासून साधारण किती लांब पडतात ते, ८ मिली (हिशोब सोपा जावा म्हणून आकडे मीच घेतलेत). आता प्रश्न या १६ पिशव्यांचा नाहीच, डेअरीतून निघणाऱ्या सगळ्या पिशव्यांची सरासरी किती असेल हा आहे, आणि ती तर आपल्याला कधी दिसणार नाही.

आधी स्टँडर्ड एरर काढा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले पिशव्यांच्या संख्येचं वर्गमूळ. १६ चं वर्गमूळ ४, मग ८ भागिले ४ म्हणजे २. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, तर नीट बघा, ते ८ सांगतात एक पिशवी सरासरीपासून साधारण किती वेगळी असते, आणि हे २ सांगतात की परत नव्या १६ पिशव्या आणल्या तर त्यांची सरासरी साधारण किती हलेल.

मग टेबलमधून तो आकडा घ्या ज्याने स्टँडर्ड एररला गुणायचं. ९५ टक्क्यांसाठी नॉर्मल टेबलमधला १.९६ घेऊ नका, कारण ते ८ पण आपण सॅम्पलमधूनच काढलेत, त्यातही चूक असू शकते, आणि सॅम्पल लहान असलं की ती जास्त. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटपुढे हाच लहान सॅम्पलचा प्रश्न होता, त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर छापला आणि तिथून टी, म्हणजे लहान सॅम्पलसाठी १.९६ ऐवजी घ्यायचा थोडा मोठा आकडा, आला. आपल्याकडे १५ डिग्रीज ऑफ फ्रीडम (पिशव्यांच्या संख्येतून एक वजा), ९५ टक्क्यांसाठी टी २.१३१, गुणिले २ म्हणजे ४.२६. ते ४९६ मधून वजा केले आणि ४९६ मध्ये मिळवले की इंटरव्हल झाला ४९१.७ ते ५००.३ मिली.

आता वाचायचा कसा. "९५ टक्के पिशव्यांमध्ये इतकं दूध असतं", हे साफ चूक, इंटरव्हल सरासरीचा आहे, पिशवीचा नाही. "खरी सरासरी यात असण्याची शक्यता ९५ टक्के", हे ऐकायला बरोबर वाटतं, पण खरी सरासरी एका जागी ठाम आहे, ती या आकड्यांमध्ये आहे किंवा नाही. हलतं ते आपलं सॅम्पल. वर्गातल्या १०० जणांनी प्रत्येकी आपापल्या १६ पिशव्या आणून आपापला इंटरव्हल काढला तर साधारण ९५ जणांच्या इंटरव्हलमध्ये खरी सरासरी सापडेल, पाचेक जणांची निसटेल, आणि आपण कोणात हे कोणालाच कळणार नाही. म्हणजे ९५ टक्के हा भरवसा पद्धतीवरचा आहे.

अजून एक, ५०० आत आलं म्हणून पिशव्या पुऱ्या भरतात असं सिद्ध झालं नाही, ४९२ पण आतच आहे ना!

९९ टक्के हवे असतील तर टी २.९४७ होतो आणि इंटरव्हल ४९०.१ ते ५०१.९ इतका पसरतो. अरुंद हवा असेल तर पिशव्या वाढवा, पण निम्मा करायचा तर वर्गमुळामुळे दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात, ६४ पिशव्या आणि स्टँडर्ड डेव्हिएशन तेवढंच राहिलं तर ९५ टक्क्यांसाठी सरासरीच्या दोन्ही बाजूंचा फरक ४.२६ वरून सुमारे २ मिलीवर येतो.

आणि हे सगळं खरं केव्हा, तर सॅम्पल रँडम असेल तेव्हाच, म्हणजे कुठली पिशवी येईल हे कोणाच्या आवडीने नाही तर चिठ्ठी काढल्यासारखं ठरलं असेल तेव्हाच. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे लंडनला नेमनकडे शिकले, ज्या नेमनने कॉन्फिडन्स इंटरव्हलची थिअरी मांडली त्याच्याकडेच, आणि भारतात येऊन पीक कापणीच्या सर्व्हेत त्यांनी रँडम निवडीचाच आग्रह धरला, म्हणजे शेतातला कुठला तुकडा कापायचा हे डोळ्यांना बरा दिसतो म्हणून नाही तर रँडम आकड्यांवरून ठरवायचं. तुमच्या १६ पिशव्या एकाच क्रेटमधल्या असतील तर टेबल, फॉर्म्युला, कशाचाच उपयोग नाही, आधी पिशव्या आणायची पद्धत बदला आणि मग कॅल्क्युलेटर घ्या.