मंडळातून बाहेर पडून पहिलं गाणं काढताना

भजनी मंडळात वर्षानुवर्षं गायलेला माणूस स्वतःचं पहिलं गाणं रेकॉर्ड करतो, तेव्हा सुरापेक्षा जास्त अडतं ते कोरस नसण्याने. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, ओळीचा शेवटचा शब्द अर्ध्यावर सोडून श्वास घेतला तरी चालतं, पुढचं कोरस उचलतो. माइकसमोर तोच शब्द उघडा पडतो. म्हणून निदान महिनाभर नुसत्या तानपुऱ्यावर आणि मेट्रोनोमवर (ठरल्या लयीत टिकटिक देणाऱ्या यंत्रावर किंवा अॅपवर) गाणं म्हणा. प्रत्येक ओळ समेपर्यंत (तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत) धरा, श्वासाच्या जागांवर वहीत खुणा करा. बारीत लय चढत जाते आणि गजरात, म्हणजे जोशात होणाऱ्या नामघोषात, ती चढायलाच हवी. पण गळा आणि पखवाज वेगवेगळे रेकॉर्ड होणार असतील, तर लय कुठल्या आवर्तनाला किती वाढणार हे मेट्रोनोमच्या क्लिकमध्येच (टिकटिकीत) घालून घ्या. नंतर जुळवता येत नाही.

पट्टीही उतरवून बघा. मैदानात आवाज फेकायला वरची पट्टी लागते, माइकला लागत नाही. पेटीच्या काळी दोन पट्टीत गाणाऱ्याने तेच गाणं त्याखालच्या पांढरी दोन आणि काळी एकमध्ये मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावं. गौळणीसारखं हळुवार गाणं खालच्या पट्टीत बहुधा जास्त खुलतं. पेटी ४४० हर्ट्झच्या ट्यूनरवर तपासा. ती हललेली असेल तर कीबोर्ड किंवा बासरी सोबत बेसूर लागते.

आता चाल. बारीतली बरीच भजनं सिनेमाच्या गाण्यांच्या चालींवर बसवलेली असतात. ती रंगमंचावर कितीही रंगोत, ऑनलाइन टाकली की मूळ कंपनीचा दावा येऊ शकतो. तुकोबांचे अभंग सर्वांना मोकळे आहेत, पण त्यांना कोणी नवी चाल लावली असेल तर ती चाल त्या संगीतकाराची. त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मंडळात बुवांनी (मुख्य गायकाने) बांधलेली चाल घ्यायची असेल तर लेखी परवानगी घ्या. कागदावर मुदत लिहाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मंडळाचं नाव गाण्याच्या जाहिरातीत विचारल्याशिवाय वापरू नका. आणि चतुर्थीच्या बाऱ्या ठरल्यावर ऐन वेळी बाहेर पडू नका. बुवांना आधी सांगा. कुडाळ-कणकवलीत माणसं पुन्हा त्याच मंडपात भेटतात.

रेकॉर्डिंग शक्यतो हिवाळ्यात उरका. पावसात पत्र्याचा आवाज, पागोळ्या, रातकिडे, त्यात वीज जाते. दमट हवेत पखवाजाचं कातडं सैल पडून सूर उतरतो. दर दोन टेकनंतर (रेकॉर्डिंगच्या प्रयत्नांनंतर) सूर तपासावा लागतो. घरीच करायचं तर लहान खोली निवडा, गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगा, पंखा बंद. कंडेन्सर माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (प-फ म्हणताना येणारी फुंकर अडवणारी जाळी). रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात जोरकस तानेलाही पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मंडळातले गायक प्रत्यक्ष टेकला तालमीपेक्षा हमखास जोरात गातात, तेव्हा गेन (माइकच्या आवाजाची पातळी) लावताना तान पूर्ण ताकदीने घ्यायला लावा.

कोरस हवासा वाटला तर स्वतःच्याच आवाजाचे दोन-तीन थर फक्त ध्रुवपदावर द्या. अंतऱ्यात देऊ नका, तिथे एकट्या गळ्याची ओळख व्हायची असते.

प्रकाशनासाठी डिस्ट्रिब्युटरकडे (गाणं ऑनलाइन अॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) वेव्ह फाइल आणि ३०००×३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र किमान तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी. गणपतीचं गाणं श्रावणातच बाहेर पडलेलं बरं. रेकॉर्डिंगची ओळख म्हणून मिळालेला १२ अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक जपून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्यांचे आकडे शून्यापासून सुरू होतात.