रिक्षाने अर्ध्या दिवसात रत्नागिरी शहर: क्रम, वेळा आणि भाडं ठरवायची रीत

रत्नागिरी स्टँडवर किंवा मारुती मंदिराच्या नाक्यावर उभं राहून ‘रत्नागिरी दाखवा’ म्हटलं की रिक्षावाला हमखास विचारतो, “गणपतीपुळे करायचंय का?” तिथेच अर्ध्या दिवसाचं वाटोळं होतं. पुळं आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याने साधारण पंचवीस किलोमीटर. जाऊन, रांगेत उभं राहून, जेवून परत यायचं तर तोच एक दिवस. शहर बघायचं असेल तर पुळं आणि पावस गाव दोन्ही बाजूला ठेवा. उरतं ते शहरच, आणि त्याला पाच-साडेपाच तास पुरतात.

एक रिक्षा, तीन माणसं, दुपारी दोनला सुरुवात, असा हिशेब धरू. दुपार धरण्याचं कारण सरळ आहे. थिबा पॅलेसमधलं संग्रहालय सरकारी वेळेत चालतं, दहा ते पाच, आणि सोमवारी बंद. रत्नदुर्गावर मात्र जायचं ते ऊन उतरल्यावर. सकाळी निघाल्यास नेमकं उलटं होतं: नऊला किल्ल्यावर, अकरापासून उन्हात होरपळत शहरात. म्हणून आधी छपराखालची ठिकाणं आणि शेवटी उघड्यावरची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सातच्या. मे महिन्यात त्यामुळे तीनला निघालात तरी चालतं, फक्त पॅलेस पाचच्या आत उरका.

भाडं

मीटर या सफरीत कामाचा नाही, कारण निम्मा वेळ रिक्षा उभीच असते. उक्तं ठरवा, आणि ठरवताना चार गोष्टी एका दमात सांगा: ठिकाणं, निघायची वेळ, सोडायची वेळ आणि जागा, आणि थांबण्याचे पैसे धरून की वेगळे. म्हणजे असं:

“दादा, थिबा पॅलेस, थिबा पॉइंट, टिळक जन्मस्थान, पतितपावन मंदिर, मिरकरवाडा, किल्ला आणि शेवटी मांडवी. दोनला निघायचं, साडेसातला परत स्टँडवर. मध्ये थांबायचं. सगळं धरून किती?”

“जाऊया की. काय ते समजून द्या.”

हे ‘समजून द्या’ आलं की थांबा आणि आकडा वदवून घ्याच. कोकणी माणूस भाडं तोंडावर सांगायला संकोचतो, त्यात लबाडी असतेच असं नाही. पण संध्याकाळी त्याच्या समजुतीतला आकडा आणि तुमच्या समजुतीतला आकडा यांची गाठ पडत नाही. आकडा रास्त आहे का हे जोखायचं तर जिथे उतरला असाल तिथल्या मालकाला दोन भाव विचारा: स्टँड ते किल्ला एकेरी किती, आणि तासाचा थांबा किती. सगळी फेरी वीस-बावीस किलोमीटरच्या आत बसते, प्रत्यक्ष थांबा चार तासांच्या आसपास. या दोन भावांवरून गणित मांडता येतं. अर्धे पैसे आधी देऊ नका, पेट्रोलपुरते द्या.

रेल्वेने येणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. स्टेशन कुवारबावकडे, शहरापासून सहा-सात किलोमीटर लांब आहे. स्टेशनवरच्या रिक्षात बसून तिथेच सफर ठरवली तर तो जाण्यायेण्याचा पल्लाही भाड्यात धरला जातो. शहरात येऊन मग दुसरी रिक्षा ठरवणं सोयीचं. त्याच संध्याकाळी परतीची गाडी असेल तर मांडवीहून गाडीच्या वेळेआधी तासभर निघा. साळवी स्टॉपच्या पुढे संध्याकाळी वाहनांची रांग लागते. बॅगा लॉजवर ठेवा, रिक्षाच्या मागच्या कप्प्यात मोठी बॅग मावत नाही आणि मिरकरवाड्याला रिक्षा सोडून उतरायचं असतं.

थिबा पॅलेस आणि पॉइंट (दोन ते साडेतीन)

ब्रह्मदेशचा राजा थिबा याला १८८५ च्या युद्धानंतर इंग्रजांनी पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला १९१० मध्ये, आणि राजा वारला १९१६ मध्ये. तीस वर्षं रत्नागिरीत, त्यातली जेमतेम सहा या वाड्यात! हे डोक्यात ठेवून आत शिरलात तर रिकामी दालनं रिकामी वाटत नाहीत. अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि लाकडावरचं कोरीवकाम सावकाश बघा. मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे, ती बहुतेकजण न बघताच परततात. पाऊण तास पुरे. फोटोचं आधी विचारा.

तिथून थिबा पॉइंट जवळच. खाली भाट्येची खाडी, तिच्यावरचा पूल, राजिवड्याची वस्ती, आणि काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा. या एका ठिकाणाहून शहराचा नकाशा डोळ्यांत बसतो. पंधरा मिनिटं.

थिबाची कबर शिवाजीनगरात आहे. रिक्षावाल्याला ‘थिबाची समाधी’ म्हणून सांगा, नाहीतर तो परत पॅलेसकडेच वळवेल. जागा छोटी, दहा मिनिटांत होते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले होते. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली, राजा मात्र इथेच राहिला.

टिळक आळी आणि पतितपावन (साडेतीन ते साडेचार)

लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ते इथे होते, मग वडिलांची बदली पुण्याला झाली. जन्मस्थान म्हणजे कौलारू कोकणी घर, पुढे अंगण. फलक वाचायचे असतील तर अर्धा तास, नाहीतर वीस मिनिटं. आळी अरुंद आहे, रिक्षा दारात उभी करून ठेवायचा हट्ट धरू नका. रिक्षावाला तोंडाशी थांबेल, चार पावलं चाला.

पतितपावन मंदिर १९३१ चं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत खुलं असलेलं देऊळ हवं म्हणून त्यांनी ध्यास घेतला, आणि खर्च उचलला भागोजीशेठ कीर यांनी. दादरची स्मशानभूमी ज्यांनी उभारली तेच हे कीर, मूळचे रत्नागिरीचे. देऊळ बघायला पंधरा मिनिटं लागतात. दुपारी बंद असलं तर वाट बघत बसू नका.

बरोबर लहान मुलं असतील तर या दोनपैकी एक गाळा आणि झाडगावचं मत्स्यालय घ्या. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं आहे, आणि देवमाशाचा सांगाडा पाहिला की मुलं उरलेली संध्याकाळ कुरकुरत नाहीत. सार्वजनिक सुट्टी असेल तर आधी चौकशी करा.

चहा आणि बाकी सगळं शहरातच उरकून घ्या. पाण्याची बाटली भरून घ्या. पुढे किल्ल्यावर यातलं काही हाताशी असेलच असं नाही.

मिरकरवाडा (वीस मिनिटं)

बंदर बघायचं ते नाक मुठीत न धरता. संध्याकाळी बोटी, जाळी, बर्फाच्या लाद्या, पाट्या भरणाऱ्या बायका असं दृश्य असतं. लिलाव हवा असेल तर मात्र पहाटेच उठावं लागेल, तो या फेरीत बसत नाही. जमिनीवर बर्फाचं पाणी आणि खवलं यांचा थर असतो, त्यावर गुळगुळीत तळाची चप्पल सरळ घसरते. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला. पाट्या वाहणाऱ्यांच्या वाटेत फोटोसाठी उभं राहिलात तर कोपर बसेल, आणि चूक तुमची असेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी नुसत्या शाकारून ठेवलेल्या दिसतात, मिरकरवाडा गाळला तरी चालेल.

रत्नदुर्ग (पाच ते सूर्यास्त)

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘किल्ला’ म्हटलं की रिक्षावाला भगवती मंदिराखाली नेऊन सोडतो आणि लोक तेवढाच बघून उतरतात. किल्ला घोड्याच्या नालेसारखा पसरलेला आहे, सुमारे १२० एकर, तीन बाजूंना समुद्र. बालेकिल्ल्यावर भगवतीचं देऊळ, पायथ्याला पेठकिल्ला, आणि दीपगृह वेगळ्याच टेकाडावर. दीपगृहाचं टेकाड बालेकिल्ल्यावरून समोर दिसतं, म्हणून चालत जाऊ असं वाटतं. मध्ये उतार आणि पुन्हा चढ आहे. तेव्हा भाडं ठरवतानाच ‘भगवती मंदिर आणि दीपगृह, दोन्ही’ असं सांगा.

आधी दीपगृह, मग बालेकिल्ला. दीपगृह पाहायला संध्याकाळी थोडाच वेळ उघडतात, उशीर केला तर बाहेरूनच बघावं लागतं. बालेकिल्ल्याला पायऱ्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना टप्प्याटप्प्याने जमतात. बहामनी काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये घेतला. देवीचं दर्शन झालं की तटावरून पूर्ण फेरी मारा: एका अंगाला मिरकरवाड्याचं बंदर, पलीकडे मांडवी, दुसऱ्या अंगाला ‘पांढरा समुद्र’ नावाचा किनारा. तटाचा जांभा पावसाळ्यात शेवाळतो, आणि ओल्या जांभ्यावरचं शेवाळ साबणासारखं असतं. जून ते सप्टेंबर कठड्याजवळ जाऊच नका. इतर दिवसांतही सेल्फीसाठी तटावर चढणं म्हणजे खाली थेट खडक आणि लाटा.

सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटांत खाली या. पायऱ्यांवर अंधार लवकर साठतो.

मांडवी, आणि पाणी किती असेल याचा अंदाज

किल्ल्याच्या दक्षिणेला मांडवीचा ‘काळा समुद्र’, उत्तरेला मुरुगवाड्याकडे ‘पांढरा समुद्र’. मांडवीची वाळू काळी दिसते ती इल्मेनाइट या जड खनिजामुळे. मूठभर वाळू उचलून बघा, मुठीत जड लागते. शेवटच्या अर्ध्या तासाला मांडवी ठीक, कारण जेट्टी आहे, भेळवाले आहेत, आणि तिथून स्टँड जवळ.

तिथे पुळण, म्हणजे चालायला वाळूचा पट्टा, मिळेल की लाटा भिंतीला टेकलेल्या असतील, हे तिथीवरून घरबसल्या काढता येतं. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनाने गुणा, चाराने भागा. येईल त्या वाजता भरती पुरी. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, फिरायला जाण्यापुरतं चालतं. पाण्यात उतरण्यासाठी या हिशेबावर विसंबू नका.

आता संध्याकाळी सहा धरून बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास, म्हणजे सहाला ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप लांब गेलेलं: चालायला सगळ्यात मोठी पुळण याच दिवशी. अष्टमीला सहालाच भरती, पण ती भांगाची, पाणी फार चढत नाही. दशमीच्या सुमारास साडेसातची भरती, तेव्हा पाणी वर सरकत असतं. चपला वाळूवर काढून ठेवून पुढे गेलात तर परत येईपर्यंत त्या तिथे नसतील.

मांडवीऐवजी भाट्ये हवं असेल तर पूल ओलांडून पलीकडे जा. किनारा लांब, सुरूची झाडं, गर्दी कमी. फक्त खाडीच्या तोंडाशी, म्हणजे पुलाच्या बाजूच्या टोकाला, गुडघाभर पाण्यातही उतरू नका. ओहोटी लागली की खाडीतलं सगळं पाणी त्याच चिंचोळ्या तोंडातून बाहेर धावतं, आणि वरून ते शांत दिसतं.

कधी ही फेरी जमत नाही

शिमग्याला ग्रामदेव भैरीची पालखी निघते तेव्हा जुन्या शहरातले रस्ते तासन्‌तास अडतात, टिळक आळीचा भाग त्या दिवशी सोडून द्या. पालखी दिसली तर तीच बघा, ते जन्मस्थानापेक्षा कमी नाही. गणपतीत रिक्षाच मिळत नाही, चालक स्वतःच्या घरी आरतीला असतो, आणि मिळाली तर चाकरमान्यांच्या बॅगांनी भरलेली असते. मे महिन्यात रिक्षा मिळते पण वाटेत ‘ओळखीच्या’ आंबेवाल्याकडे थांबते. पेटी घ्यायचीच असेल तर सफर संपल्यावर घ्या. उन्हात तीन तास रिक्षात ठेवलेला हापूस घरी पोचेपर्यंत आतून उकडलेला असतो, आणि तो दोष बागायतदाराच्या माथी मारता येत नाही.