काळ्या मातीत वाढलेल्या हातांनी डोंगरातली आंबट माती कशी ओळखावी

इंदूरच्या मराठी घरांत मातीबद्दल एक समज पक्का असतो: जिथे माती खोल, तिथे पीक भरघोस. ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ हे ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो आणि माळव्यापुरतं ते खरंही आहे. पण हाच समज घेऊन डोंगरात गेलं की डोळा चुकतो. माझ्या मावसबहिणीच्या यजमानांची बदली महूहून वेलिंग्टनला झाली, तेव्हा मी निलगिरीत तिच्याकडे महिनाभर राहिले. बंगल्यामागे उतार कापून वाट काढलेली होती. पुरुषभर उंचीची ती कापलेली दरड वरपासून खालपर्यंत विटकरी मातीची, नावालाही दगड नाही. तिने त्यातच वाफा करून मेथी लावली होती. मेथी बोटभर वाढली आणि पिवळी पडून तशीच उभी राहिली. तिथून चार हातांवर चहाची झुडपं मात्र तजेलदार हिरवी. खोली भरपूर, चिकणमाती भरपूर, पाऊस भरपूर, तरी मेथी उपाशी. ही माती कशी वाचायची ते मी तिथे शिकले. डोंगरात जागा घेणाऱ्यांना, तिथून रोप आणून गच्चीवर लावणाऱ्यांना आणि ट्रेकवर जाऊन नुसतं पाहण्याची आवड असणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी थोडं कारण, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. दाट जंगलाच्या उतारावर वर्षानुवर्षं पाऊस झिरपत राहतो. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळतो, कुजत्या पानांची आम्लं त्यात उतरतात आणि हे सौम्य आंबट पाणी मातीतला चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) धुऊन नेतं. त्यांच्या रिकाम्या जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम पटकावतात. सामू, म्हणजे आंबटपणा मोजणारा pH चा अंक (सात मधला, त्याखाली आंबट, त्यावर क्षारी), साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम मोकळं होऊ लागतं आणि मुळांची टोकं जाळतं. मेथीचं तेच झालं होतं. माळव्यात पाऊस जेमतेम हजार मिलिमीटरच्या आसपास, वर्षाचे सात-आठ महिने कोरडे आणि खाली चुनायुक्त काळा बेसॉल्ट. चुना धुऊन जायला वेळच मिळत नाही. उलट तो कंकर होऊन मातीतच साठतो. म्हणून आपल्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ, आणि त्या डोंगरमातीचा पाचच्या आसपास. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक. आठ आणि पाच यांत हजारपट अंतर पडतं.

सुरुवात घरच्या मातीपासून

डोंगरात जाण्याआधी आपल्याच अंगणातली काळी माती मूठभर घेऊन सगळ्या चाचण्या करून पाहा. हाताला एक माप माहीत असलं की दुसरं कळतं. ओलसर मातीची लिंबाएवढी गोळी करा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधून दाबत तिची फीत काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती हलकी किंवा पोयट्याची (पोयटा म्हणजे वाळूहून बारीक, चिकणीहून मोठे कण), अडीच ते पाच सेंटिमीटर आली तर मध्यम, पाचच्या पुढे लोंबली तर पक्की चिकण. आपली काळी माती सहज लोंबते आणि बोटांना अशी चिकटते की नखांतून काढावी लागते. कोरड्या काळ्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंबही टाकून पाहा. चुनखडीचा कण लागला की बारीक बुडबुडे फुटतात.

कोणी म्हणेल, जवळच जानापाव आहे, पाताळपाणी-चोरलचा घाट आहे, तिथेच पाहू. अवश्य जा, पण ही माती तिथे सापडायची नाही. विंध्याच्या त्या कड्यांवर माती उथळ आणि दगडगोट्यांची आहे. आपल्याला हवी ती खोल आंबट माती भरपूर पावसाच्या डोंगरात मिळते: निलगिरी, केरळचा घाट, मेघालय. तिथे खडकही वेगळा, निलगिरीत तो चार्नोकाइट, म्हणजे ग्रॅनाइटसारखा कठीण खडक आहे.

जागा निवडा, पण खणू नका

जंगलात खड्डा काढायचा नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनातली वरची मातीसुद्धा वनोपजात मोडते, ती परवानगीशिवाय उचलता येत नाही. त्याची गरजही नसते. रस्त्याची कापलेली दरड, ओढ्याने खाल्लेला काठ, एखाद्या मळ्यात पाइपासाठी काढलेला चर, ही माती वाचायची उत्तम पानं आहेत. खासगी जागा असेल तर मालकाला विचारा. दिवस निवडायचा तो पावसाळा सरल्यानंतरचा, माती ओली पण निथळलेली असते तेव्हाचा. मुसळधार पावसात दरडीखाली कधीही उभं राहू नका. खोल माती पाण्याने भरली की जड होते आणि तिचा आधार सुटतो. वर जमिनीला भेग दिसली किंवा झाडांची खोडं उताराकडे कललेली दिसली, तर ती जागा सोडून द्या. ३० जुलै २०१४ ची माळीणची दरड मराठी माणूस विसरलेला नाही.

उतारावर एकाच ठिकाणी पाहून निष्कर्ष काढू नका. कड्याजवळ, मध्यावर आणि पायथ्याशी अशा तीन जागा पाहा. तीव्र चढावर माती टिकत नाही, ती घसरून खाली जमते. म्हणून पायथ्याची खोली पाहून वरच्या जागेचा भाव ठरवणं धोक्याचं असतं. जागेच्या मालकाची हरकत नसेल तर लोखंडी सळई ठोकून पाहा. पहिला दगड कुठे लागतो ते सळईवर खडूने खूण करून मोजलं की पुरे.

दरड वाचताना

खुरप्याने दरडीचा वाळलेला पापुद्रा हातभर रुंदीचा खरवडून काढा, वरून खालपर्यंत. जुनी पडलेली माती निघाली की खरे थर दिसतात. घाई करायची नाही, सगळी गोष्ट इथेच लिहिलेली असते.

सगळ्यात वर पालापाचोळा: वरची पानं ओळखू येणारी, त्याखाली अर्धी कुजलेली, जाळी झालेली, आणि त्याखाली काळपट भुसभुशीत माती. ती चिमटीत घ्या. पहिल्या पावसानंतर कुंडीला येतो तसा वास येईल, आणि तळव्यावर घासली की तपकिरी डाग उरेल. आपली फसगत होते ती इथे. काळा रंग दिसला की इंदूरच्या माणसाला वाटतं, काळीच माती! पण हा काळेपणा कुजलेल्या पानांचा आहे. आपल्या मातीचा काळेपणा बराचसा तिच्या खनिजांचा असतो, तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्काही नसतो.

त्याखाली रंग झपाट्याने बदलतो, आधी फिका तपकिरी, मग पिवळसर किंवा विटकरी. लाली आणि पिवळेपणा दोन्ही लोखंडाचे. निचरा चांगला असेल तर माती लाल-पिवळी दिसते. राखाडी पट्टे किंवा गंजासारखे ठिपके दिसले तर तिथे पाणी तुंबतं असं समजा. आता विटकरी थरातलं एक ढेकूळ हाताने हलकेच फोडा. सुरीने कापू नका. ते आपल्या सांध्यांवर तुटेल आणि आतल्या पृष्ठावर मेणाचा हात फिरवल्यासारखी चमक दिसेल. उन्हात तिरपं धरलं की नीट दिसते. हा चिकणमातीचा लेप. पावसाचं पाणी वरच्या थरातले बारीक कण, दोन मायक्रॉनहूनही लहान, खाली वाहून आणतं आणि भेगांच्या भिंतींवर लिंपतं. म्हणून अशा मातीत वरचा थर हलका आणि खालचा चिकण असतो. मला पहिल्यांदा ती चमक दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ ढेकूळ फिरवत बसले होते. वरून धुऊन आलेली माती खाली कशी बसते, ते डोळ्यांनी दिसत होतं.

आता मुळं पाहा. बारीक मुळांची जाळी जवळजवळ सगळी वरच्या वीतभर-दीड वीतभर थरात असते. खाली गेलेली बारीक मुळं आखूड, बोथट टोकांची दिसली, तर ॲल्युमिनियम आपलं काम करतंय. एवढं घनदाट जंगल उभं कसं, याचं उत्तरही इथेच आहे. पान गळतं, कुजतं, त्यातलं अन्न वरच्याच मुळांनी पुन्हा उचललं जातं. जंगलाची शिदोरी त्या वीतभर थरात असते, खालच्या लाल थरांत फार थोडी.

हाताची आणि रंगाची परीक्षा

लाल थराची फीत काढताना एक गोष्ट कटाक्षाने करा: गोळी किमान पाच मिनिटं मळा. लोखंडामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना घट्ट धरून छोटे खडे करतात, त्यामुळे सुरुवातीला माती रवाळ लागते आणि हलकी वाटते. मळत गेलात की खडे फुटतात आणि फीत लांबत जाते. फीत लांब असूनही काळ्या मातीसारखा चिकटा मात्र नसतो, बोटं बरीच स्वच्छ निघतात. आपल्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. इथली मुख्यतः चिनीमातीच्या जातीची असते. ती फारशी फुगत नाही, पायाखाली भेगा पाडत नाही आणि खत धरून ठेवण्याची तिची ताकदही कमी.

बाटलीतली परीक्षाही अशीच फसवते. पाण्यात माती हलवून ठेवली की वाळू मिनिटाभरात, पोयटा साधारण दोन तासांत आणि चिकण एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळाने खाली बसते. लाल मातीचे गठ्ठे मात्र झटपट तळाला बसतात आणि ती वाळूची वाटते. पाण्यात चमचाभर कपड्यांची पावडर घालून दहा मिनिटं जोरात हलवा, मग खरं प्रमाण दिसेल.

आंबटपणासाठी एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घ्या. पाणी गॅरेजमध्ये मिळणारं, बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड (बॅटरीचं आम्ल नव्हे), नळाचं नको. नळाच्या आणि बोरिंगच्या पाण्यातले क्षारच निकाल बदलतात. हलवा, अर्धा तास ठेवा, वरच्या निवळीत चार ते सात दाखवणारी सामूपट्टी बुडवा. पट्टी नसेल तर जांभळी कोबी उकळून रस काढा आणि तो तीन बाटल्यांत सारखा घाला: एक डोंगरमातीची, एक घरच्या मातीची, एक नुसत्या पाण्याची. डोंगरमातीचा रंग लालसर-जांभळ्याकडे, काळ्या मातीचा निळ्याकडे झुकतो. हळदीचा कागद इथे निरुपयोगी, तो चांगल्या क्षारीपणाशिवाय रंग बदलत नाही. कोबी फक्त दिशा दाखवते. आकडा हवा असेल तर नमुना माती परीक्षणाला द्या आणि सामूबरोबर चुन्याची गरजही काढून मागा. पिशवीवर जागा आणि खोली पेन्सिलने लिहा, ओलीत शाई फुटते.

कळल्यावर काय करायचं

जागा तुमची असेल तर पहिलं काम म्हणजे पालापाचोळा जाळायचा किंवा झाडून टाकायचा नाही. उतार उघडा पडला की शिदोरीचा वरचा थर दोन-तीन पावसाळ्यांत खाली जातो. चहा, कॉफी, नेचे, ऱ्होडोडेंड्रॉन अशी आंबट माती मानवणारी झाडं लावा आणि ओळी उताराला आडव्या ठेवा. भाजीसाठी एखादा वाफा हवाच असेल तर तेवढ्यातच दळलेला चुनखडीचा किंवा डोलोमाइटचा चुरा मिसळा, आणि तोही परीक्षणातल्या प्रमाणाने. कळीचा चुना नको. सामू साडेपाच-सहापर्यंत आणणं पुरे, सातचा हट्ट धरला तर लोह आणि जस्त अडून बसतं. बहिणीने वाफ्यात कंपोस्ट आणि चुलीची राख मिसळली. राखेतला चुना आणि पालाश दोन्ही कामी येतात. १९२४ पासून आपल्या इंदुरात काम करणाऱ्या इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे जी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, तिच्यातही ढिगाचा आंबटपणा आवरायला माती आणि लाकडाची राख घालत. दुसऱ्या खेपेची मेथी वीतभर झाली आणि हिरवी राहिली.

आणि डोंगरातलं रोप इंदूरला आणायचं असेल तर हाच हिशोब उलटा. मी तिथल्या नर्सरीतून निळ्या गुच्छांचं हायड्रेंजिया आणलं. पुढच्या बहराला तेच झाड गुलाबी फुललं, पानं शिरा सोडून पिवळी पडली. बिघाड झाडात नव्हता. हायड्रेंजियाचा निळा रंग ॲल्युमिनियममुळे येतो आणि आपल्या क्षारी मातीत ते झाडाच्या हाती लागत नाही. मी कुंडीतली काळी माती पूर्ण काढली आणि नर्सरीतली लाल माती, पानकूज व नारळाचा भुसा मिसळून भरली. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात साठवून तेच घालते. महिन्यातून एकदा बादलीभर पाण्यात सुपारीएवढी तुरटी विरघळवून त्यातला तांब्याभर देते, कारण तुरटीत ॲल्युमिनियम असतं आणि ती आंबटही असते. ती जास्त झाली तर मुळं भाजतात, म्हणून मधून पट्टी बुडवून पाहते. सामू सध्या साडेपाच आहे. कुंडी उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत हलवली आहे. यंदा आषाढात तीन गुच्छ आले: दोन गुलाबी, आणि भिंतीकडचा एक कडांनी निळा पडत चाललेला.